बाही सुटली तेव्हा

गजानन बारापात्रे नागपूरच्या महाल वस्तीतला, आखाड्यात वाढलेला गडी. रेल्वेतल्या कारकुनीने त्याला कलकत्त्याला आणलं आणि बावन्न सालापासून तो गार्डन रीचच्या कचेरीत फायली बांधत बसला. अंग मात्र स्वस्थ बसू देईना. जेवताना गुडघा हलायचा, झोपेत पाय झाडले जायचे. शेवटी बायको, कमल, वैतागून म्हणाली, "अहो, कुठंतरी जाऊन मातीत लोळून तरी या."

माती मिळाली नाही, ज्युदो मिळाला. शहराच्या दक्षिणेकडच्या बेहाला भागातल्या एका क्लबात पत्र्याखाली गवत पसरून वर ताडपत्री ताणलेली असे. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींना सगळे मास्टरमोशाय म्हणत. तरुणपणी ते एका जपानी गुरूकडे शिकले होते. पहिला महिनाभर त्यांनी गजाननला फक्त पडायला शिकवलं. उताणं पडायचं आणि हाताने जमीन थोपटायची. ज्याने पंधरा वर्षं पाठीला माती लागू दिली नव्हती, त्याला हे पचेना. तो पडता पडता कुशीवर वळायचा. पोरं हसायची.

नमस्कार मात्र लगेच जमला. झोंबीच्या आधी आणि नंतर जोडीदारापुढे कमरेत वाकायचं. आखाड्यात शिरताना माती कपाळाला लावतात तसंच हे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्याच्यासमोर शरच्चंद्र आला. शाळेत भूगोल शिकवणारा, हाडापेराने बारीक. गजाननने त्याला खांद्यावरून उचलून टाकलं. टाकणाऱ्याने पडणाऱ्याची बाही धरून ठेवायची, म्हणजे तो अलगद पडतो, हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं. पण हातांना आखाडा आठवला. बाही सुटली, आणि समोरच्याची पाठ टेकवायच्या सवयीने गजानन त्याच्या छातीवर कोसळला. शरच्चंद्रच्या खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

मास्टरमोशाय रागावले नाहीत. शरच्चंद्रला दवाखान्यात पोचवून आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तू नमस्कार कुणाला करतोस, गजानन?"

"मातीला."

"इथं माती कुठं आहे? जुन्या लढवय्यांच्या विद्येतून जीव घ्यायचे डाव गाळले, तेव्हा ही विद्या उरली. समोरचा तुला शिकता यावं म्हणून आपलं अंग देतो. नमस्कार त्याला."

त्यानंतर गजाननचं कशातच लक्ष लागेना. ट्रामने बेहालाला जायचा, शरच्चंद्रच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालायचा आणि परत फिरायचा. तिसऱ्या खेपेला आत गेला. शरच्चंद्रच्या आईने चहा दिला, दोष दिला नाही. उजवा हात गळ्यात बांधलेला शरच्चंद्रच हसून सांगू लागला, की फळ्यावर डाव्या हाताने नकाशा काढतो तेव्हा बंगालचा उपसागर थेट मद्रासवर चढतो आणि मुलं टाळ्या पिटतात.

गजाननला हसता आलं नाही. क्लबात परत येणार ना, असं त्याने विचारलं. शरच्चंद्रने कप खाली ठेवला. "हाड जुळेल, गजाननदा. पण भीती वाटते. बहुतेक सोडून देईन."

आपल्यामुळे एका माणसाची विद्या सुटते आहे, हे गजाननला कचेरीत, घरी, कुठेच बसू देईना. त्याने दोन चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी शरच्चंद्र क्लबाच्या दारात चपला न काढता उभा राहिला. गजानन त्याच्यापुढे जाऊन वाकला. खूप वेळ वर आला नाही.

"शरदबाबू, आज मला टाका."

शरच्चंद्रने चपला काढल्या. पहिल्या वेळी त्याने बिचकतच गजाननला उचलून टाकलं. हवेतच गजाननचं अंग कुशीवर वळू लागलं. त्याने ते आवरलं आणि तो सपशेल उताणा पडला. डोळ्यांसमोर पत्रा आला. "पुन्हा," तो म्हणाला. अकरा वेळा पडला.

मग शरच्चंद्र मागे सरकून नीट उभा राहिला. "आता तुम्ही."

गजाननच्या तळव्यांना घाम फुटला. आज नको, पुढच्या रविवारी बघू, असं तो पुटपुटला.

"पुढच्या रविवारी मला धीर होईलच असं नाही," शरच्चंद्र म्हणाला, आणि त्याच्यापुढे वाकला.

गजाननने तळवे विजारीला पुसले आणि पाऊल पुढे टाकून त्याची बाही घट्ट धरली.