शेंड्यावरचं पोवळं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. देवापाशी तरी? तेही नाही – आणि देवासमोर तर रोज उभी राहत होते. तुमच्यापाशी का बोलते आहे, तेही नीट सांगता येणार नाही. बोलते आहे एवढंच.

सांगलीला आमच्या देवघराच्या भिंतीवर एक तसबीर होती. काचेखाली काळं कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची, बारीक गाठींनी विणलेली टॅटिंगची लेस – खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, आणि प्रत्येक थराच्या टोकाला मणी. सासूबाई तिला दीपमाळ म्हणत. देवळापुढे दगडाची असते ना, तशी. संध्याकाळी दिवा लावला की काचेला कुंकवाचं बोट लावत. ती दीपमाळ नव्हती. ते नाताळचं झाड होतं. हे सांगायला सोपं आहे. अवघड पुढे आहे.

साताऱ्याला शाळेत मार्था माझ्या बाकावर बसायची. टॅटिंग तिला मिशनच्या बाईंनी शिकवलेलं आणि ती मला शिकवायची – आमच्या ओसरीवर. ओसरीच्या आत तिला यायला नव्हतं. ती कधी आली नाही, मी कधी बोलावलं नाही. टॅटिंगचं सगळं मर्म एका गोष्टीत असतं: गाठ घालताना ती एका दोऱ्यावरून दुसऱ्या दोऱ्यावर उलटली पाहिजे. उलटली तर दोरा सरकतो आणि गाठींचं कडं मिटतं. नाहीतर सगळं जाम. माझं रोज जाम व्हायचं. मार्था न कंटाळता सुईच्या टोकानं सोडवून द्यायची. मी चिडून दोरा गुंडाळलेला धोटा फेकायची, तो अंगणात जाऊन पडायचा, आणि तोही तीच उचलून आणायची.

त्या वर्षी पावसाळ्यात तिची आई वारली. आईवाचूनचा पहिला नाताळ, म्हणून तिनं ते झाड करायला घेतलं. लढाईचे दिवस, दोरा मिळत नव्हता. बाईंनी दिलेलं एकच रीळ तिनं पुरवून पुरवून वापरलं. मणी आधीच मोजून दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात, मागाहून घालता येत नाहीत. सगळ्यात वरच्या कड्यासाठी तिनं आईच्या गळ्यातल्या पोतीतलं एक पोवळं ठेवलं होतं. झाड झालं तेव्हा तिनं ते माझ्याकडे दिलं – दोन दिवस ठेव, गाठी बघून बघून शीक.

दुसऱ्याच दिवशी मला बघायला सांगलीची मंडळी आली. मुलीच्या हातचं काम तबकात मांडून पाहुण्यांपुढे ठेवायची पद्धत होती. माझं काम काय? एक वाकडा रुमाल आणि अर्धवट तोरण. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. हे सबबीसाठी सांगत नाही – बरं, थोडं सांगतेच आहे. ते धरू नका. मी मार्थाचं झाड रुमालावर ठेवलं. कुणी विचारलंच तर मैत्रिणीचं म्हणून सांगू, असं मनाशी म्हटलं होतं.

विचारलं. कुंडलकडच्या एक ठसठशीत बाई होत्या, त्याच पुढे माझ्या सासूबाई झाल्या. झाड तळहातावर घेऊन म्हणाल्या, "दीपमाळ हाय व्हय ही? तूच केलीस?"

मी मान हलवली. त्यांनी ते पदराच्या टोकात बांधलं. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं. घरात दावते."

तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता. मी पोहे वाढत राहिले.

मार्था आली तेव्हा मी तिला उंदरानं नेलं म्हणून सांगितलं. ती ओसरीवर उभी. तिला आत येऊन शोधता येत नव्हतं, म्हणून मी तिच्यादेखत शोधलं. केरसुणी घेऊन कोपरे झाडले, कणगीमागे वाकून बघितलं, धुळीनं माखून घेतलं. जे सांगलीला पोचलं होतं, ते मी साताऱ्यात अर्धा तास शोधत होते. ती म्हणाली, "झाड ऱ्हाऊ दे गं. तेवढं पोवळं गावलं तर ठेव." मग तिनं माझ्या केसातलं जळमट काढलं आणि गेली.

लग्न झालं. सांगलीचे सोयरेधायरे आपल्या मुलींना माझ्याकडे टॅटिंग शिकायला पाठवू लागले. लढाई होती तोवर मी दोरा मिळत नाही म्हणत होते. ती संपल्यावर डोळे दुखायला लागले.

मुलीच्या वेळी मी अडले. सुईणीनं हात टेकले, तेव्हा सासूबाईंनी दवाखान्यातून नर्स बोलावली. ती मार्था होती. सकाळपासून दुपारपर्यंत ती माझ्याजवळ होती. मला माहेरच्या नावानं हाक मारत नव्हती, पण पाठीवरून हात फिरवत होती. मुलगी पहिल्यांदा तिच्या हातात रडली.

सुटकेच्या आनंदात सासूबाईंना शिवाशीव आठवली नाही. त्यांनी तिला हात धरून देवघराच्या दाराशी नेलं. बाजेवरून मला दोघी दिसत होत्या. "ही बघा बाई, आमच्या सूनबाईच्या हातची दीपमाळ." मार्था बघत राहिली. वरपासून खालपर्यंत, आणि मग परत वर. सासूबाईंनी सहज विचारलं, "तुमी पण साताऱ्याच्याच न्हवं? वळखत असाल की एकमेकींला?"

मार्था वळली. माझ्याकडे बघून थांबली. उत्तर माझ्यावर सोडलं तिनं.

"नाही," मी म्हणाले, "मी नाही ओळखत यांना."

"साताऱ्यात पोरी लय," मार्था म्हणाली. "हात चांगला हाय सूनबाईंचा." मग आत येऊन तिनं माझा पोटपट्टा नीट बांधला, बाळाचं टोपडं सारखं केलं आणि पिशवी उचलून गेली.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती त्याच गावात होती. मी गेले नाही. सासूबाई त्या दीपमाळेला हात जोडूनच गेल्या. आता तसबीर मुलीच्या घरी आहे, आणि आल्यागेल्याला ती आईच्या हातची म्हणून दाखवते. मी शेजारी बसलेली असते.

ते झाड मार्थानं केलं होतं. शेंड्यावरचं पोवळं तिच्या आईचं आहे. आणि मी तिला ओळखत होते.