तात्या बाद!

आमच्या कासारवाडीच्या कबड्डी संघाचा इतिहास कुणी विचारला की मी आधी हसतो, मग चिडतो. किस्से इतके साचलेत, की एक ओढला की चार बाहेर पडतात. आणि प्रत्येकात आमचे अध्यक्ष तात्या आडवे! मी कॉलेज सोडलं म्हणून हेच तात्या मला गावभर वाया गेलेला म्हणतात. म्हणू देत.

वाईट वाटायचं ते दत्तूचं. चढाईला असा गडी आसपास नव्हता. कंपन्या तेव्हा आपल्या टीमसाठी खेळाडूंना नोकरी द्यायच्या, दत्तूला तेवढीच आशा. एखाद्या साहेबानं त्याचा खेळ बघायला हवा, बस्स!

*

गावाचं पहिलं मैदान. तात्यांनी जमीन दिली, नारळ फोडला, भाषण ठोकलं. पावसाळा सरता सरता आम्ही रेषा आखायला फक्की घेऊन गेलो, तर कमरेएवढी बाजरी!

"तात्या, हे काय?"

"मोकळं रान बघवंना रं. काढणी झाली की खेळा की!"

*

पहिली जर्सी. कापड तात्यांचं, म्हणून छातीवर 'तात्या', पाठीवर 'तात्या'. नंबर कुणालाच नाही. पंच ओरडला, "तात्या बाद!" खुर्चीतले तात्या उठून भांडायला लागले, "आवं, मी हितं बसलोय न्हवं!"

त्याच मॅचला कंपनीचे एक साहेब आले होते. दत्तूच्या चढाया बघून खूश. जाताना म्हणाले, "त्या तात्याला उद्या ट्रायलला पाठवा."

दुसऱ्या दिवशी फेटा बांधून तात्या स्वतः गेले! गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आजोबा, नातवाला सोडायला आलात का?"

*

पोरींचा संघ काढला तेव्हा तात्या म्हणाले, "गावाची अब्रू जाईल." पोरींनी तालुक्यातला पहिला कप आणला. फोटोत तात्या मधोमध, कप त्यांच्या मांडीवर. पोरी? फोटोत मावल्या नाहीत!

*

आता फायनलची गोष्ट. हातापाया पडून त्याच साहेबांना पुन्हा आणलं. साडेपाचच्या लोकलनं त्यांना परत जायचं होतं. मॅच सुरू व्हायच्या आधी शाल झाली, श्रीफळ झालं, आणि तात्या 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले. तात्यांच्या आजोबांची कुस्ती संपेपर्यंत पाच वाजून गेले. साहेबांनी बॅग उचलली.

दत्तूनं ते पाहिलं. मधली रेषा ओलांडली, "कबड्डी कबड्डी" करत थेट स्टेजवर! खजिनदारांना टाच, सेक्रेटरींना हात, सरपंचांच्या टोपीला बोट.

तात्या जुने खेळाडू. एका हातात माईक तसाच, दुसऱ्या हातानं त्यांनी दत्तूचा घोटा धरला!

दत्तू दम सोडीना. तात्यांना वायरीसकट फरफटत रेषेपर्यंत आला आणि हात टेकवला. पंचानं सवयीनं शिट्टी मारून बोटं वर केली.

साहेब हसून हसून लाल. "नाव काय रे तुझं?"

"दत्तू."

"सोमवारी कामावर हजर हो. आणि हे बघ, तू स्वतः ये!"

तेवढ्यात खाली धुळीत आडवे पडलेले तात्या माईकवरून खरखरले, "बसा साहेब, आभारप्रदर्शन ऱ्हायलंय!"