उताणी चालणारी अळी

निमखेड्याच्या शिवारात सांडूतात्यांइतका हुमणीचा पक्का वैरी दुसरा नव्हता. फुलंब्रीच्या बाजूला त्यांची तीन एकर बागायत, आणि त्यात दरसाल अद्रक. अद्रकीचं पान अवेळी पिवळं पडलं की खाली हुमणीनं मुळी कुरतडली म्हणून समजायचं. म्हणून तात्या नांगरामागं रॉकेलच्या पाण्याचा डबा घेऊन चालत. नांगरानं पाडलेल्या तासात पांढरी, जाडजूड, कोयरीसारखी वाकलेली अळी दिसली की डब्यात. शेणखताच्या ढिगात सापडली तर डब्याचीही वाट बघत नसत, जागेवरच टाचेखाली. चाळीस वर्षं त्यांचा हा नेम चुकला नव्हता.

यंदा माघात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने शेत नाही, उकिडवं बसणं नाही. द्वारकाबाई गावाकडं शेत आणि जनावरं सांभाळायला राहिल्या आणि तात्या संभाजीनगरला, गारखेड्यात, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. लेक तनुजा रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला, जावई शिवराज शेंद्र्याच्या कंपनीत. सकाळी नऊला घर रिकामं व्हायचं. मग तात्या, त्यांचा वॉकर आणि गॅलरी. टीव्ही त्यांना सोसत नसे. खाली रिक्षा किती लागल्यात, समोरच्या गच्चीवर कोण काय वाळत घालतंय, सगळं दोन आठवड्यांत पाठ झालं.

तनुजाच्या कुंड्यांसाठी द्वारकाबाईंनी गावच्या टेम्पोत अर्धं पोतं शेणखत पाठवलं. करायला काम मिळालं म्हणून तात्यांनी खुर्चीवर बसून पोत्याचं तोंड सोडलं आणि खत घमेल्यात ओतलं. त्याबरोबर एक अळी घरंगळत फरशीवर पडली.

"इथंबी आलीस व्हय?" तात्या म्हणाले आणि सवयीनं पाय उचलायला गेले. पण पाय ऑपरेशनचा. तो उचलेना. काठी कोपऱ्यात होती. वॉकर धरून उठायचं, काठी घ्यायची, परत यायचं, यात दोन-तीन मिनिटं गेली. तेवढ्या वेळात अळीनं आपलं वेटोळं उलगडलं, अंग झटकलं आणि ती उताणी झाली. सहाही पाय आभाळाकडं. तात्यांना वाटलं, मेली. तर ती चालायला लागली. पाठीवर! पायांचा काडीचा उपयोग न करता, अंगाच्या लाटा करत, सरळ रेषेत, भिंतीच्या सावलीकडं.

तात्यांची काठी हातातच राहिली. त्यांनी ती अळी काठीच्या टोकानं पालथी केली. ती पुन्हा उताणी झाली आणि निघाली. पुन्हा पालथी केली. पुन्हा तेच.

'आयला,' त्यांच्या मनात आलं, 'इतक्या मारल्या, पर एकीला चालताना बघितलं नाय.'

बघणार कसं? चालायला वेळ कधी दिलाच नव्हता.

त्यांनी बुद्धभूषणला फोन लावला. हा त्यांच्याच गावचा पोरगा, शेतकीचं शिकून आता गावोगावच्या शेतकऱ्यांना किडींची माहिती द्यायचं काम करणारा.

"काका, चालती कशी?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"उताणी. लाज सोडल्यावानी."

बुद्धभूषण हसला. "मग ती हुमणी नव्हंच. हुमणी पायांवर, न्हाय तर कुशीवर सरकती. ही फुलावरच्या भुंग्याची अळी. कुजलेलं शेण, पाला खाती. जित्या मुळीला तोंड लावत नाय. उलट खत बारीक करून देती तुम्हाला."

उकिरड्यात टाचेखाली रगडलेल्या सगळ्या तात्यांच्या डोळ्यांपुढं आल्या.

"भुंगा कसा निघतो मग? रंग कसला?"

"लई जाती हायेत, काका. नुसत्या अळीवरून मला नाय सांगता यायचं. पाळून बघा ना. तसंबी बसूनच हाये तुम्ही."

संध्याकाळी तनुजा घरी आली तर फरसाणाच्या मोठ्या पारदर्शक बरणीत खत, झाकणाला सुईनं पाडलेली भोकं आणि शेजारी चष्मा लावून बसलेले वडील. पोतं चाळून तात्यांनी एकूण नऊ अळ्या काढल्या होत्या.

"तात्या, हे काय? माझ्या घरात किडे?"

"तू दिवसभर लोकांचं रक्त-लघवी बघती. मी काय म्हणतो का?"

तनुजाला हसू आलं, पण बरणी स्वयंपाकघरापासून लांब, गॅलरीतच राहील या अटीवर तिनं परवानगी दिली.

पाळायचं म्हणजे काय, हे तात्यांना ठाऊक नव्हतं. गाय पाळली, शेळी पाळली, त्याच हिशोबानं त्यांना वाटलं, ताजं ते चांगलं. शिवराजला सांगून त्यांनी बायपासच्या एका गोठ्यातून ताजं शेण आणवलं आणि बरणीत वरून दाबून भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बरणीला हात लावला तर कोमट. झाकण उघडलं तर आंबूस वाफ आली. शेण आतल्या आत तापलं होतं. चार अळ्या काळ्या पडून मेल्या होत्या, उरलेल्या पाच काचेला चिकटून वर आल्या होत्या.

त्या दिवशी तात्यांनी जेवण अर्धं टाकलं. चार अळ्यांपायी आपल्याला असं का व्हावं, याचंच त्यांना नवल वाटत होतं. कच्चं शेण तापतं, पिकाचं मूळ जाळतं, हे आपण लोकांना सांगत आलो आणि इथंच कसं विसरलो?

मग त्यांनी रीत बसवली. मुरलेलं खत आणि सोसायटीतल्या आंब्याचा वाळका पाला चुरून. ओल अशी की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. उन्हाळा चढला तशी बरणी माठाच्या आडोशाला. आणि सारखं उकरायचं नाही, आठवड्यातून एकदाच. हे शेवटचं त्यांना सगळ्यांत जड गेलं. गुडघ्याच्या व्यायामाच्या फेऱ्या ते मुद्दाम गॅलरीकडूनच घालत आणि दर फेरीला काचेतून वाकून बघत. खत हळूहळू बाजरीच्या दाण्यांसारखं होत चाललं. ती अळ्यांची लेंडी, हे कळल्यावर ते चाळून तनुजाच्या मोगऱ्याला घातलं. मोगऱ्याला फुटवे आले तेव्हा तनुजाही बरणीपाशी थांबायला लागली. एका रविवारी तिनं लॅबमधलं भिंग आणलं आणि बापलेकीनं अळीच्या कुशीवरची तांबूस ठिपक्यांची रांग बघितली.

"ही नाकं आहेत, तात्या. मी वाचलं. कुशीनं श्वास घेतात."

"मंजी शेणात तोंड खुपसलं तरी चालतंय," तात्या म्हणाले. "सोय बघा देवाची."

चैत्र संपताना अळ्या दिसेनाशा झाल्या. आठवडाभर काचेपाशी एकही नाही. तात्यांनी धीर धरला, मग धीर सुटला. बरणी परातीत उलटी केली. खतात सुपारीएवढी पाच ढेकळं निघाली. ढेकूळ म्हणून त्यांनी एक चिमटीत फोडलं, आणि हात थबकला. आत पिवळसर, मेणासारखं काहीतरी निजलं होतं. पाय छातीशी दुमडलेले, पंखांच्या जागी दोन बारक्या घड्या. हलवलं तर शेपटाकडून वळवळलं.

"तनुजे!" त्यांनी अशी हाक मारली की ती पोळी तव्यावर टाकून धावत आली. "घर फोडलं मी हिचं."

तनुजानं भिंगातून बघितलं. "जिवंत आहे. पुन्हा घर करता येईल का हिला?"

"कशानं करंल? तोंड कुठं हाय आता?"

तेव्हा घर तात्यांनीच केलं. पणतीत ओली माती थापली, अंगठ्यानं गुळगुळीत खळगा पाडला, चमच्यानं तो जीव अलगद आत ठेवला आणि वर दुसरी पणती पालथी घातली. मग ती पणती, बाकीची चार ढेकळं आणि तात्या, तिघांनाही उन्हाळ्याच्या मध्यावर शिवराजनं गाडीनं निमखेड्याला पोचवलं. बरणी सबंध रस्ता तात्यांच्या मांडीवर होती.

द्वारकाबाईंनी नवऱ्याचा गुडघा बघितला, चाल बघितली, मग बरणी बघितली.

"उकिरड्यातला किडा गाडीत बसवून आणला व्हय? माज्या पोरांला तुम्ही कधी मांडीवर घेतलं नाय!"

"तवा वेळ नव्हता," तात्या खाली बघत म्हणाले. बरणी ठेवायला पडवीतली गार जागा मात्र द्वारकाबाईंनीच दाखवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बरणीतून खरखर ऐकू आली. ढेकळाला भोक पडलं होतं आणि त्यातून एक भुंगा डोकं काढत होता. काळसर हिरवा, तांब्यासारखी झाक आणि पाठीवर चुन्याची बोटं उमटावीत तसे पांढरे ठिपके. दोन दिवसांत चारही निघाले. तात्यांनी एकेकाला झेंडूच्या रोपावर ठेवलं. जाताना भुंग्यांनी आणखी एक चमत्कार दाखवला. पाठीवरची झाकणं न उघडताच, कुशीच्या फटीतून पंख बाहेर काढून ते उडाले. तात्या तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

पाचवा पणतीतून निघाला. त्याचं एक झाकण चुरगळलेलं होतं. तो उडायला बघे आणि गिरकी घेऊन पडे. तात्यांचा चेहरा उतरला. द्वारकाबाईंनी त्याला उचलून तळहातावर घेतलं, घरात नेलं आणि पिकल्या केळाचा तुकडा पुढं ठेवला. त्यानं त्यात तोंड खुपसलं ते दुपारपर्यंत काढलं नाही.

त्याचा मुक्काम पडवीतच राहिला. लोक अद्रकीचं विचारायला येत आणि केळ खाणारा भुंगा बघून जात. काही हसत. काही मात्र हळूच विचारत की उताणी म्हणजे नक्की कशी चालते. मग तात्या खताच्या ढिगातून एखादी काढून गोणपाटावर सोडून दाखवत.

एका सकाळी केळ ठेवताना द्वारकाबाई थबकल्या.

"अवं, ही बाई हाय का बाप्या?"

तात्यांनी चष्मा लावला, भुंगा वरून बघितला, खालून बघितला.

"काय की!" ते म्हणाले. "थांब, बुद्धभूषणला लावतो फोन."