उतरवलेली कौलं

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीतली आमची चाळ कौलारू होती. दर वैशाखात मालक गडी पाठवून कौलं चाळून घ्यायचे आणि गड्यांचा चहा भाडेकरूंनी करायचा, असा रिवाज. म्हातारे मालक गेले, कारभार मुलाकडे आला. त्या वर्षी गडी चहाला थांबले नाहीत. टोकाचं बिऱ्हाड दुरुस्तीपुरतं म्हणून बाहेर पडलं होतं. तिथली कौलं उतरवून त्यांनी टेम्पोत भरली. दुरुस्तीची कौलं कोणी टेम्पोत घालून नेतं का? सगळ्यांनी पाहिलं, विचारलं कोणीच नाही. आम्हा पांढरपेशांना विचारायची भारी लाज.

मग त्याच्या अलीकडची खोली उघडी पडली. भर दुपारी ऊन थेट तिच्या फरशीवर पडायचं. भिंतीतली देवळी, कॅलेंडरचा खिळा, सगळं वाटेवरून दिसायचं. ते उघडं टोक आमच्याकडे सरकत होतं. मला भीती वाटायची आणि घरात कोणी त्याबद्दल बोलायचं नाही.

आता मधे उरली फक्त मास्तरकाकांची खोली. काका निवृत्त शिक्षक. पदरी मूलबाळ नाही, काका-काकू दोघंच. एका सकाळी मालकाचा मुलगा आला, काकांच्या पाया पडला.

"सर, वाशांना वाळवी लागलीय. पावसाच्या आत नवं छप्पर घालून देतो. तेवढे दिवस पाहुण्यांकडे जा ना."

तो गेल्यावर वडील म्हणाले, "मास्तर, लिहून घ्या. त्याशिवाय हलू नका."

"अहो, वर्गात माझ्यासमोर बसलेला पोरगा हा. त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं?"

"भीड भिकेची बहीण, मास्तर."

काका नुसते हसले. दोन ट्रंका घेऊन दोघं कल्याणला पुतण्याकडे गेले. त्याच आठवड्यात कौलं उतरली, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत भिंतीही पाडल्या. काका विचारायला आले तेव्हा मालकाच्या मुलाने त्यांना खुर्ची दिली, थंड पाजलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही तर स्वतःहून खोली सोडलीत."

आम्ही हललो नाही. वडील ठाण्याच्या कोर्टात खेटे घालत राहिले.

पुतण्याचं घर एका खोलीचं, त्यात त्याचं लग्न ठरलं. काकू गावी बहिणीकडे गेल्याचं कानावर आलं. पुढे काहीच कळेना. ज्याच्या पाया पडण्याला काका भुलले, त्या माणसाचा मला आजही संताप येतो. आणि खरं सांगायचं तर काकांचाही येतो.

दोनेक वर्षांनी मी मैत्रिणीच्या लग्नाला मुरबाडला निघाले होते. कल्याणच्या एसटी स्टँडवर बाकावर काका दिसले. सदरा स्वच्छ, दाढी वाढलेली, शेजारी गाठोडं. मला वाटलं, गावी निघाले असतील.

"काका, कुठली गाडी?"

"गाडी नाही गं."

माझ्या गाडीची घोषणा झाली. मी घाईघाईने पर्समधून पेन काढलं. "पत्ता सांगा ना, आई भेटायला येईल."

काकांनी पेनाकडे पाहिलं. मग बाकावर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.

"तिला म्हणावं, कधीही ये. मी इथेच असतो."