बुडखा ठेवायचा

शेवाळकाकूंच्या नादाला कुणी लागत नसे. ओहोटीला बायका खडकांवर शेवाळ कापायला उतरल्या की काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू. "ओरबाडतेस काय गं? शेवाळ आहे, सवतीचे केस नाहीत! बुडखा ठेव, पुढच्या वर्षी परत येईल." हा धडा त्यांना नवऱ्यानेच दिला होता. होड्या दुरुस्त करणारा तो गरीब माणूस बायकोपुढे एरवी ब्र काढत नसे, पण बुडख्याच्या बाबतीत त्याचंच चालायचं.

काकूंचं तपकिरी शेवाळ प्रयोगशाळेत जायचं. तिथल्या संशोधक बाईंनी एकदा चहा पिता पिता सांगितलं, की यातलं चिकट द्रव्य कर्करोगाच्या पेशींवर घातलं की त्यांची वाढ मंदावते. "पण काकू, हे काचेच्या बशीत हं. माणसाला उपयोग होतो का, ते कळायला कैक वर्षं लागतील."

काकूंनी हे सगळं नीट ऐकलं होतं. पुढे नवऱ्याच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं धरलं आणि बाकीचं सोडून दिलं. जीव टांगणीला लागला की शहाणी माणसंही हेच करतात.

मग रोज सकाळी काढा. पातेलंभर शेवाळ आटवून एक पेला, आणि वास असा की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. "माझा मासा करतेस का?" म्हणत नवरा नाक दाबून प्यायचा. मध्येच एकदा त्याला चांगली भूक लागली. झालं! काकूंना आभाळ ठेंगणं झालं, एका पेल्याचे दोन झाले. आता शेवाळ पुरेना. कापलेलं पुन्हा वाढायला वेळ लागतो, आणि वेळच तर नव्हता. बायका यायच्या आधीच काकू एकट्या जाऊन मुळासकट खडक खरवडू लागल्या.

एका सकाळी नवऱ्याच्या ओठाला काहीतरी टणक लागलं. त्याने ते काढून उजेडात धरलं.

"हा बुडखा आहे."

"प्या तुम्ही."

तो काकूंकडे बघत राहिला. मग त्याने मुकाट्याने पेला संपवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं काकूंना अजून वाटतं.

तो गेला. पुढच्या मोसमात प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः शेवाळ बघायला आल्या, तर खडक बोडका.

"काकू, हे तुम्ही केलंत? पुढच्या वर्षासाठी बुडखा ठेवा, असं तुम्हीच सांगायचात ना?"

काकूंनी बोडक्या खडकावरून हात फिरवला.

"आलं की हे पुढचं वर्ष, बाई," त्या म्हणाल्या. "यात ते कुठे आहेत?"