प्रभाकरभाऊंची हार्डडिस्क

प्रभाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा डहाणूच्या माझ्या दुकानात मी कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसलो होतो. बोर्डीहून त्यांच्या पत्नी, विमलताई, बोलत होत्या. "सकाळी चहा घेतला आणि..." मला आठवला तो आठ दिवसांपूर्वीचा, खुद्द प्रभाकरभाऊंचा फोन. "सुधीर, डिस्क दिसत नाहीये रे. पेटीला लावली की दिवा लागतो आणि विझतो. येऊन जा ना." रविवारी येतो, म्हणालो होतो. गेलो नाही.

ते आरोग्य खात्यात होते. तलासरीच्या पाड्यांवर तापाचे रुग्ण शोधत, रक्ताचे नमुने घेत त्यांची सारी नोकरी गेली. त्या फिरस्तीत लग्न लावणाऱ्या वारली बायकांची, धवलेऱ्यांची, गाणी कानावर पडली आणि माणूस खुळावला. आधी कॅसेटी, मग खिशातला छोटा रेकॉर्डर. निवृत्तीनंतर सगळं एका हार्डडिस्कवर भरलं. ती डिस्क लावून मोबाइलवरून गाणी वाजवायचा म्युझिक सर्व्हर मीच बसवून दिला होता. ते त्याला पेटी म्हणत. पाड्यावरचं कुणी आलं की आईचं, आजीचं नाव विचारायचे आणि तिचा आवाज लावून द्यायचे. त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत... "दुसरी प्रत काढून ठेवा," मी म्हणायचो. "तूच दे काढून," ते म्हणायचे. तेही राहिलंच.

दिवसकार्य आटोपल्यावर गेलो. "शेवटी शेवटी जेवणात लक्ष नव्हतं त्यांचं," विमलताई सांगत होत्या. "म्हणायचे, त्या बायकांनी विश्वासानं दिलं आणि मी घालवून बसलो."

मी केबल बदलली. दुसऱ्या पोर्टला लावून पाहिलं. पेटी बंद करून पुन्हा चालू केली. डिस्क दिसेना. कानाशी धरली, तर आत फिरायला लागायची आणि दमून थांबायची. पेटीचा अडॅप्टर कमजोर झाला होता. डिस्कला पुरेशी वीजच मिळत नव्हती. पिशवीतला दुसरा अडॅप्टर लावला आणि मोबाइलवर एकेका पाड्याचं नाव उमटत गेलं. सगळं जागच्या जागी होतं. दहा मिनिटांचं काम... आणि ते, सगळं गेलं असं समजून गेले.

"म्हणजे बिघडलं नव्हतंच?" विमलताईंनी विचारलं. मी जुन्या अडॅप्टरची वायर गुंडाळायला घेतली.

त्यांनीच एखादं गाणं लावायला सांगितलं. एका जुन्या कॅसेटवरचं लावलं. धवलेरीचा थकलेला, लांबवलेला सूर खोलीभर झाला. गाणं संपलं, पण प्रभाकरभाऊंना रेकॉर्डर लगेच बंद करायची सवय नव्हती. कोंबड्यांची कलकल ऐकू आली, कुणीतरी भांडं ठेवलं. मग त्या म्हातारीचा आवाज, "भाऊ, जेवून जा." आणि त्यांचा, अगदी तरुण, "नको आजी. घरी विमल जेवायची थांबली असेल."

"हे मला कधी ऐकवलं नाही त्यांनी," विमलताई म्हणाल्या. मग हळूच, "परत लावा... गाणं नको. तेवढंच."