काकांचा दावा क्रमांक सात

रविवार, नागपंचमीनंतरचा. वेळ सकाळी साडेदहा. स्थळ: लक्ष्मी गेटजवळचं काकांचं घर, वरची खोली. हजर: काका, मी, म्हणजे मराठी मंडळाची सचिव, आमचे हे, गाडी चालवायला आणि जड उचलायला, आणि बबिन्याच्या लष्करी छावणीतून आलेली एका सुभेदारांची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. गैरहजर: बाकीचं मंडळ. आदल्या दिवशी मात्र ते सगळं फोनवर हजर होतं.

आमचं मंडळ लहान आहे. कंपनीतली घरं, सरकारी नोकरीतली, फौजेतली, आणि पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेली चार-पाच. फौजेतले दोन-तीन वर्षांत जातात, कंपनीतले थोडे उशिरा. म्हणून एक पद्धत पडली आहे: मंडळाचं सामान ज्याची बदली होत नाही त्याच्या घरी ठेवायचं. गणपतीचं मखर, समया, तांब्याची मोठी पातेली, सतरंज्या, आमटी वाढायचं ओगराळं, सगळं काकांकडे खालच्या खोलीत. सामानाची यादी एका जाड वहीत आहे. ती काकूंनी, काकांच्या बायकोनं, स्वतःच्या हातानं लिहिली. काकू जाऊन पाच वर्षं झाली. प्रत्येक नवी सचिव त्या यादीखाली सही करते. सगळ्यात शेवटची सही माझी, आणि गेली नऊ वर्षं ती बदललेली नाही, कारण काम दुसऱ्या कुणाला नको आहे.

काका आणि मी राजकारणात विरुद्ध बाजूंचे. रोज सकाळी सहाला काका मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या पक्षाचं काहीतरी टाकत, आणि साडेसहाला, पोळ्यांची कणीक मळून झाली की, मी त्याचं उत्तर देत असे. बाकीचे चहा पिताना वाचत. "आज काकांनी घेतली," किंवा "आज ताईंनी सोडलं नाही," असं ऑफिसात जाताना मला रस्त्यात ऐकू येई. समोर भेटलो की काका म्हणत, "बस बस, आता भांडण बंद, चहा पी." त्यांच्याइतका मनापासून भांडणारा माणूस सिव्हिल लाइंसच्या आमच्या अख्ख्या कॉलनीत नाही. खरं सांगते, सकाळी त्यांचा संदेश दिसला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची असते, बिलांची असते, तशी फोनमध्ये एक 'काकांचे दावे' नावाची यादीही होती. काका ठामपणे जे जे सांगत, ते मी नंबर घालून उतरवून घेत असे. दावा क्रमांक सात असा: 'नाल्याचं काम पूर्ण झालं. यंदा लक्ष्मी गेटला पाणी भरणार नाही. लिहून ठेव.' लिहून ठेव असं त्यांनीच म्हटलं होतं, म्हणून ठेवलं.

शनिवारी दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. काकांच्या गल्लीतल्या कुणीतरी काढलेला. काकांच्या दारात गुडघ्याच्या जरा खालपर्यंत पाणी, आणि पाण्यात तरंगणारा एक प्लॅस्टिकचा मग. त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. सापडला एकदाचा, असं वाटलं. काका कुठे आहेत, काय करत आहेत, हा विचार दुसराही नव्हता, तिसराही नव्हता. दुसरा विचार होता की यादी पटकन उघडावी. मी दावा क्रमांक सात शोधला, त्यापुढे फुली मारली, त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "दावा क्रमांक सात, निकाल जाहीर. काका, विकास घरात आला तो चपला काढून की घालूनच?"

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काकांच्या पक्षाचे लोकसुद्धा हसले. कुणी टाळ्यांचं चित्र टाकलं. मी डबा खाता खाता दर दोन मिनिटांनी फोन बघत होते, आणि भाजीत मीठ जास्त झालं होतं तेही मला कळलं नाही.

वहिनीचा वेगळा संदेश आला, फक्त मला: "ताई, काका घरी एकटेच असतात ना?"

मी लिहिलं, "शेजारी आहेत." मग थोड्या वेळानं लख्ख आठवलं की मंडळाचं सगळं सामान तिथेच खाली आहे, आणि गणपतीला महिनासुद्धा राहिलेला नाही. रविवारी सकाळी जायचं ठरलं ते त्यामुळे. काकांसाठी नव्हे, यादीसाठी.

तोवर पाणी उतरलं होतं. जिन्यावर चिखल होता. काका वरच्या खोलीच्या दारात उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायाला पट्टी बांधलेली.

"या, सचिव साहेब या. पाय पुसा. विकास आत्ताच गेला, चपला मात्र इथेच विसरला."

आमचे हे मोठ्यांदा हसले. मीही हसले, आणि हसता हसता खाली बघितलं.

आत खोलीत पलंग दिसतच नव्हता. पलंगावर, टेबलावर, खिडकीत, जिथे जागा तिथे मंडळाचं सामान. मखराच्या पट्ट्या, समया, पातेली, घडी घातलेल्या सतरंज्या, सगळं कोरडं. काकांनी ते वहीतल्या क्रमानं मांडलं होतं. स्वतः रात्री खुर्चीवर झोपले होते.

"काल पहाटे पाचला पाणी शिरलं," काका म्हणाले. "मग वर-खाली, वर-खाली. गुडघे माझे नव्हतेच म्हण. घे, मोजून घे. एक जरी कमी निघालं तर तू मला ग्रुपवर टांगशील."

"काका, असं काय बोलता?" वहिनी म्हणाली.

"अगं बेटा, ती टांगते. मला माहीत आहे. कामाची बाई आहे."

मी वही उघडली आणि मोजू लागले. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मोजत होते. एक ते तीस सगळं जागेवर. सत्तावीस नंबरचं ओगराळंसुद्धा, त्याच्या वाकड्या दांड्यासकट. तिसाव्यावर खूण करून मी नेहमीच्या आवाजात, ऑफिसात फाईल मागते तशी, म्हणाले, "एकतीस?"

मी वहीत खाली बघितलं. काकूंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'शिवणाचं मशीन. माझं, पण मखराच्या कापडापुरतं मंडळाचंही.'

"ते खाली आहे," काका म्हणाले. "जड आहे ना. ते दोघांनी उचलायचं असतं."

मग त्यांनी वहिनीकडे बघत, माझ्याकडे न बघता, बाकीचं सांगितलं. सकाळी पाणी मशीनच्या पायाशीच होतं. दुपारी पुन्हा चढायला लागलं तेव्हा त्यांनी फोन हातात घेतला. आमच्याकडे गाडी आहे, आम्ही दोघं येऊन उचलू शकलो असतो. "नंबर लावणारच होतो. तेवढ्यात ग्रुपवर टिंग टिंग सुरू झालं. बघितलं तर सगळे हसत होते. म्हटलं, जाऊ दे, कशाला मध्ये बोला."

"काका!" वहिनी रागावलीच. "फोन करायचा ना! मला करायचा. मी जीप मागवली असती."

"जीप शिवणयंत्रासाठी? वहिनीजी, तुमचे साहेब मला कोर्टमार्शल करतील."

आम्ही चौघं खाली गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, मशीनच्या लाकडी फळीच्या वर दोन बोटं. फळी फुगून तडकली होती. खण अडकला होता. आमच्या ह्यांनी आणि वहिनीनं मशीन धरलं, मी खालून पाय धरले, आणि एका दमात आम्ही ते जिन्यातून वर नेलं. चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं, ती सवयच आहे. चार मिनिटांचं काम होतं.

खण उघडायला सुरी लागली. आत दोऱ्याच्या रिळांचा लगदा, एक अंगुस्तान, आणि मखरासाठी कापलेली मोजमापाची कागदी पट्टी. पट्टीवरची शाई वाहून गेली होती. काकांनी ती पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, आणि खिडकीत वाळत ठेवली.

"आता चहा," ते म्हणाले. "साखर वर नेली होती. बघ, एवढी अक्कल आहे मला."

चहा पिताना मी माफीचं बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "इथे नको. इथे तू सामान मोजायला आलीस, मोजलंस."

पुढच्या कामांची यादी मी घरी येऊन केली आणि बहुतेक कामं झाली. सदर बाजारात एक म्हातारा कारागीर सापडला, त्यानं मशीन उघडून, तेल देऊन चालू केलं. सुतारानं नवी फळी बसवली. काकांना तिचा रंग पसंत नाही. मंडळाचं सामान पुढच्या वर्षीपासून वरच्याच खोलीत राहील असा ठराव झाला, आणि बदली न होणाऱ्या आणखी एका घराशी बोलून निम्मं तिकडे हलवलं. पावसाळ्यात काकांना रोज दुपारी एक फोन जातो, पाळी लावली आहे. मखराचं कापड वहिनीनं त्याच मशीनवर शिवलं. काका बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी सांगत होते, "हळू. तिला घाई चालत नाही." ते मशीनबद्दल म्हणत होते की काकूंबद्दल, आम्ही विचारलं नाही. गणपतीत आरतीला सगळ्यांत वरचा आवाज काकांचाच होता.

त्या रविवारनंतर आठ दिवसांनी सकाळी सहाला त्यांचा संदेश पुन्हा सुरू झाला. पूर्वीसारखाच, तोच पक्ष, तेच ठाम बोलणं. कंपनीतल्या एका पोराशी ते आता तासभर भांडतात. झाशीच्या हिंदीत, मराठीत, जे हाताला लागेल त्यात. मी साडेसहाला उत्तर दिलं, मुद्दाम टोचणारं. त्यावर काकांनी फक्त जोडलेले हात टाकले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी इतकं चुकीचं काही लिहिलं की जुने काका असते तर दुपारपर्यंत सोडलं नसतं. पुन्हा जोडलेले हात. ज्यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही, त्यांनाच ते असे हात जोडतात. परवा त्यांच्या घरी गेले तेव्हा सरळ विचारलं, "काका, माझ्याशी का भांडत नाही?"

"भांडतो की."

"हात जोडता."

मग म्हणाले, "तुला सांगतो, तू तिथे ग्रुपवर माफीबिफी मागू नकोस. माझ्या घरात पाणी आलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू माफी मागितलीस की तुझ्यावर वाजवतील. मला ते बघायचं नाही." आणि उठून चहा टाकायला गेले.

त्यांनी नको म्हटलं आहे, हे खरं. पण मी त्यामागे लपते आहे, हेही खरं. जे सगळ्यांसमोर लिहिलं ते सगळ्यांसमोरच मागे घ्यावं लागतं, आणि तोवर काका माझ्याशी मोकळेपणानं भांडणार नाहीत, एवढं मला नऊ वर्षांच्या भांडणांवरून कळतं. मलाही त्या टाळ्या बघायच्या नाहीत, एवढंच.

'काकांचे दावे' ही यादी मी काढून टाकली. तिच्या जागी एक मसुदा आहे, पाच ओळींचा. त्यात दावा क्रमांक सात आहे, दुपारच्या पाण्याची वेळ आहे, आणि एकतीस नंबर आहे. आज सकाळी साडेसहाला तो उघडला, एक शब्द बदलला, पुन्हा वाचला. तेवढ्यात दूध वर आलं म्हणून फोन ओट्यावर ठेवला. ग्रुपवर अजून टाकलेला नाही.